आयकराचं रिटर्न : स्वतः भरायचं की माणूस लावायचा?

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपता संपता एका ताईंनी मला अडवलं. चपला घालत होते मी. त्या म्हणाल्या, "मॅडम, रिटर्न भरायला तालुक्याचा माणूस दीड हजार मागतोय. द्यायचे का?" मी घाईत म्हणून गेले, "नका देऊ. सरकारच्या वेबसाइटवर फुकट भरता येतं. भाच्याला बसवा फोन घेऊन." ताई खूश झाल्या. दीड हजार वाचले म्हणजे महिन्याचा किराणा निघाला.

गाडीवरून घरी येताना मनात आलं, अगं, त्यांना रिटर्न भरायचं कशासाठी होतं हे तू विचारलंसच कुठे? त्या ताईंचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण या विषयात पहिली फसले ती मीच.

माझे वडील साखर कारखान्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे आईच्या नावावर बँकेत मुदत ठेवीत ठेवले. आई सहासष्ट वर्षांची. त्या ठेवीचं वर्षाचं व्याज साधारण ६२,००० रुपये. दुसरं उत्पन्न काही नाही. एक दिवस पासबुक भरून आणलं तर व्याजातून कर कापलेला दिसला. वर्षाचा हिशेब केला तर ६,२०० रुपये गेलेले. आई म्हणाली, "सरकारनं कापलंय म्हणजे बरोबरच असेल." मी बी.ए. झालेली, गटांच्या वह्या तपासणारी, पण मलाही काही कळेना. तालुक्याच्या गावी एका रिटर्न भरणाऱ्या भाऊंकडे गेलो. त्यांनी दीड हजार घेतले, रिटर्न भरलं, तीन महिन्यांनी ६,२०० परत आले. आम्ही पेढे दिले त्यांना. दुसऱ्या वर्षी पुन्हा ६,२०० कापले, पुन्हा दीड हजार दिले, पुन्हा पैसे परत आले.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये ठेव बदलायला बँकेत गेले होते, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पंधरा-एच भरलाय का आजींनी?" मी म्हटलं, तो काय असतो? तेव्हाच्या नियमानं, साठीच्या पुढच्या माणसाचा वर्षाचा कर शून्य येणार असेल, तर त्यानं वर्षाच्या सुरुवातीला हा फॉर्म बँकेत द्यायचा. मग बँक व्याजातून कर कापतच नसे. साठीच्या आतल्यांसाठी पंधरा-जी असायचा. त्याला आणखी एक अट होती, वर्षाचं एकूण व्याज करमाफीच्या मर्यादेच्या आत पाहिजे. दोन्ही फॉर्म फुकट, बँकेतच मिळायचे, फक्त पॅन कार्ड लागायचं. पॅन दिलेलं नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापतात.

म्हणजे आमचे तीन हजार रुपये गेले ते एका फॉर्मच्या अज्ञानापायी. त्या भाऊंनी चोरी केली नाही, काम केलं आणि पैसे घेतले. पण "आजी, पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊच नका, बँकेत एवढा फॉर्म द्या," हे त्यांनी सांगितलं नाही. कशाला सांगतील? आम्ही त्यांना विचारलं होतं का, की कर कापलाच का गेला? आम्ही सांगितलं, रिटर्न भरा. त्यांनी भरलं. टायपिंगचे पैसे दिले आम्ही, सल्ल्याचे दिले नाहीत.

(एप्रिल २०२५ पासून नियम आणखी सैल झाला. साठीच्या पुढच्या माणसाचं एका बँकेतलं व्याज वर्षाला एक लाखापर्यंत आणि इतरांचं पन्नास हजारांपर्यंत असेल, तर बँक कर कापत नाही. आईला आता तो फॉर्मही लागणार नाही.)

तेव्हापासून कुणी विचारलं, रिटर्नला माणूस लावू का, की मी उलटं विचारते. रिटर्न भरायला तुम्हाला सांगितलं कुणी? आणि कशासाठी?

कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना रिटर्न भरायची गरजच नसते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण दूध, कोंबड्या, शेळ्या ही शेती नव्हे, तो धंदा धरतात, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. तरी घाबरू नका. धंद्याचं उत्पन्न म्हणजे खात्यावर आलेलं सगळं दुधाचं बिल नाही. पेंड, कडबा, डॉक्टर, औषध वजा करून जे हातात राहतं ते. ते वर्षाला करमाफीच्या मर्यादेच्या आत असेल आणि कुठं कर कापला गेला नसेल, तर आपल्यासारख्या छोट्या धंद्याला साधारणपणे रिटर्न सक्तीचं नसतं. मार्च २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षासाठी ही मर्यादा नव्या पद्धतीत ३ लाख आणि जुन्या पद्धतीत अडीच लाख होती. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी नव्या पद्धतीत ती ४ लाख झाली.

इथं एक घोळ होतो. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" असं टीव्हीवर ऐकलं आणि आमच्या एका गटात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता रिटर्नचं नावच नको. ती बारा लाखांची सूट एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नावर आहे. आणि कर शून्य येणं वेगळं, रिटर्न न लागणं वेगळं. चार लाखांच्या वर उत्पन्न गेलं की कर शून्य आला तरी रिटर्न भरावं लागतं.

आता मसालेवाल्या वहिनींची गोष्ट. आमच्या भागातल्या कांदा-लसूण मसाल्याला गिऱ्हाईक पुण्या-मुंबईपर्यंत आहे, आणि या वहिनींचा मसाला तर खरंच चांगला. त्यांना स्वतःचं कांडप मशीन आणि पॅकिंगचं मशीन घ्यायचं होतं. बँकेत तीन लाखांचं मुद्रा कर्ज मागितलं. बँकेनं सांगितलं, दोन वर्षांचे रिटर्न आणा. वहिनींनी उभ्या आयुष्यात रिटर्न भरलेलं नव्हतं.

त्या गेल्या एका एजंटाकडे. त्यानं साडेतीन हजार सांगितले आणि म्हणाला, "बँकेला मोठा आकडा लागतो वहिनी. उत्पन्न चार लाख ऐंशी हजार दाखवतो. सात लाखांपर्यंत टॅक्स शून्यच येतो. तुमचं काय जातंय? ओटीपी आला की सांगा फक्त."

वहिनींचं नशीब की त्या दिवशी त्यांच्या फोनला रेंज नव्हती. ओटीपी आलाच नाही. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, आणि गंमत म्हणून सांगत होत्या, की कर्जासाठी मी आता चार लाख ऐंशी हजारांची मालकीण झाले.

आम्ही वही काढली. त्यांची दहावीतली मुलगी रोजची विक्री लिहायची, पण खर्च निम्मा लिहिलेला आणि निम्मा वहिनींच्या डोक्यात. तीन संध्याकाळी बसलो. मिरचीची पावती घरातल्या डब्यात, धण्याची उधारी दुकानदाराच्या वहीत, कांडपाची मजुरी तर कुठंच नाही. शेवटी आकडा निघाला. वर्षाची विक्री ६ लाख ४० हजार. मिरची, धणे, खोबरं, कांदा, लसूण, तेल, कांडप, पिशव्या, टेम्पो आणि दोन बायकांची मजुरी मिळून खर्च ४ लाख ९५ हजार. राहिले १ लाख ४५ हजार. महिन्याला बारा हजार. वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "मला वाटत होतं वीस तरी सुटत असतील."

आता एजंटानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बघू. काय जातंय?

वहिनींना लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. त्या योजनेची अट आहे की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. रिटर्नमध्ये स्वतःच्या नावावर ४ लाख ८० हजार लिहून दिले, तर उद्या त्या अर्जावर काय उत्तर देणार? मुलीला अकरावीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागणार, तिथं कुठला आकडा सांगणार? आणि बँकेला खोटं उत्पन्न दाखवून कर्ज घेतलं, तर पुढं भांडण झाल्यावर एजंट कुठं असणार? रिटर्न वहिनींच्या पॅनवर, ओटीपी वहिनींच्या फोनवरचा. पूर्वी कागदावर अंगठा देताना आपण निदान दोनदा विचार करायचो. मैत्रिणींनो, आता ओटीपी सांगणं म्हणजेच सही करणं आहे, आणि आपण तो भाजी निवडता निवडता सांगून मोकळ्या होतो.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती हप्त्याची. तीन लाख, तीन वर्षं, अकरा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता येतो साधारण ९,८००. बँकेनं तो चार लाख ऐंशी हजारांच्या उत्पन्नावर मंजूर केला असता. भरायचा होता तो महिन्याच्या बारा हजारांतून. घराला उरले असते बावीसशे रुपये.

मग मी वहिनींना सांगितलं, आता मात्र पैसे खर्च करू. साताऱ्याला एका सीए मॅडमकडे जाऊ. सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. परीक्षा पास झालेला, नोंदणी क्रमांक असलेला माणूस. रिटर्न भरून देणारे सगळेच सीए नसतात. काही कर सल्लागार असतात, काही सेतूवाले, काही नुसते कॉम्प्युटर असलेले. त्यात प्रामाणिक माणसं खूप आहेत. पण आपण कुणाकडे जातोय हे माहीत असावं.

एसटीचं अर्धं तिकीट काढून गेलो. मॅडमनी दोन हजार घेतले, आणि माझ्या मते त्यातले पाचशे रिटर्नचे होते आणि दीड हजार त्या अर्ध्या तासाचे.

त्या म्हणाल्या, मागच्या वर्षाचं रिटर्न आता विसरा. उशिराचं रिटर्नसुद्धा साधारण डिसेंबरअखेरपर्यंतच भरता येतं, ती मुदत गेली. "दोन वर्षांचं भरून देतो" म्हणणाऱ्याला विचारा, कसं भरणार? मग त्यांनी छोट्या धंद्याची सोपी पद्धत सांगितली. तिला चौथ्या नंबरचा फॉर्म लागतो, 'सुगम' म्हणतात त्याला. त्यात खर्चाच्या सगळ्या पावत्या जोडाव्या लागत नाहीत. रोखीच्या विक्रीवर निदान ८ टक्के आणि बँकेतून किंवा फोनवरून आलेल्या पैशांवर निदान ६ टक्के नफा धरतात. पण खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. वहिनींचा खरा आकडा १ लाख ४५ हजार, तोच लिहिला. कर शून्य.

त्यानंतर मॅडमनी विचारलं, "कर्ज तीन लाखच का?" वहिनी म्हणाल्या, दोन मशीन आहेत ना. मॅडमनी कागदावर आकडेमोड केली. दीड लाख घेतलं तर हप्ता ४,९०० च्या आसपास. आधी कांडप मशीन घ्या, बाहेरच्या कांडपाचे पैसे वाचतील, पॅकिंगचं मशीन वर्षानं घ्या. धंद्याचं खातं घरापासून वेगळं करा. बँकेला या वर्षाचं रिटर्न, बारा महिन्यांचं खातेउताऱ्याचं प्रिंट, उद्यम नोंदणी आणि ही वही दाखवा. न मागता त्यांनी हेही सांगितलं की, माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाची विक्री ४० लाखांच्या पुढे गेल्याशिवाय साधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

बँकेच्या साहेबांनी थोडी कुरकुर केली, पण दीड लाख मंजूर झाले. मशीन आलंय. गल्लीतल्या लोकांना सध्या दिवसभर शिंका येतायत.

पुढच्या वर्षीही सीएकडे जायचं का, यावर वहिनींचं आणि माझं जमत नाही. मला वाटतं, फॉर्म तोच, पद्धत तीच, वही नीट ठेवली तर आपण दोघी बसून भरू शकतो. वहिनी म्हणतात, "दोन हजारांत मला तीन लाखांच्या खड्ड्यातून बाहेर काढलं, मी दर वर्षी जाणार." त्यांचे पैसे आहेत, त्यांचा धंदा आहे.

स्वतः भरायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयकर विभागाच्या वेबसाइटवर पॅन आणि आधारवरून खातं काढायचं. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर तिथंच गाडी अडते, ते आधी बघा. आत गेल्यावर 'एआयएस' नावाचा एक उतारा असतो, वार्षिक माहितीचा. आपल्या पॅनवर कुठून किती व्याज आलं, कुणी किती कर कापला, मोठे व्यवहार कुठले झाले, हे त्यात दिसतं. माझं तर म्हणणं आहे, रिटर्न भरा नाहीतर न भरा, वर्षातून एकदा हा उतारा बघा. आमच्या एका सदस्याला तिच्या नावावर नवऱ्यानं ठेव ठेवलीय हे त्या उताऱ्यावरून कळलं. पुढचं रामायण सांगत नाही.

नुसता पगार, पेन्शन किंवा बँकेचं व्याज असेल तर पहिल्या नंबरचा फॉर्म, 'सहज'. तो खरंच बऱ्यापैकी सहज आहे, निम्मी माहिती आधीच भरलेली येते. मात्र शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर तो चालत नाही. भरून झाल्यावर आधारच्या ओटीपीनं तपासणी पूर्ण करायला तीस दिवस मिळतात. ती विसरलात तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. परतावा यायचा असेल तर बँक खातं तिथं आधी प्रमाणित केलेलं लागतं. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती.

आणि माणूस लावलात तर मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच घालायला लावा. माझ्या आईच्या खात्यावर त्या भाऊंनी स्वतःचा नंबर घातला होता. तो बदलायला मला दोन हेलपाटे आणि बराच गोडवा खर्च करावा लागला. पासवर्ड आपल्या वहीत पाहिजे. पोचपावतीचं एक पान देऊन बोळवण करतात, ते चालवून घेऊ नका, पूर्ण रिटर्न आणि उत्पन्नाचा हिशेब मागा. आणि कुणी म्हणालं की "परतावा काढून देतो, त्यातले वीस टक्के माझे," तर उठून या. असा माणूस न भरलेला विमा, न दिलेली देणगी दाखवून परतावा फुगवतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागानं अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर देशभर तपासण्या केल्या. खोटी माहिती देऊन कर लपवल्याचं ठरलं तर दंड लपवलेल्या कराच्या दुप्पट असतो, आणि तो ज्याच्या पॅनवर रिटर्न, त्याला.

आता त्या दीड हजारवाल्या ताई. बैठकीनंतर चार दिवसांनी मी त्यांना फोन केला. म्हटलं, ताई, रिटर्न कशासाठी भरताय ते नीट सांगा बरं. त्यांच्या माहेरची जमीन फार वर्षांपूर्वी तलावात गेलेली. भावांनी वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात दावा लावला होता, त्याचा निकाल लागला. बहिणींचाही हिस्सा निघाला. ताईंच्या खात्यावर रक्कम आली, आणि सोबत इतक्या वर्षांच्या व्याजाचे १ लाख ८० हजार. त्या व्याजावर १८,००० कर कापलेला. ते परत मिळतात का हे त्यांना बघायचं होतं.

माझ्या पोटात गोळा आला. जमिनीच्या मोबदल्याला करात वागणूक वेगळी, त्यावरच्या व्याजाला वेगळी. व्याजाची निम्मी रक्कम वजा मिळायची तरतूद आहे, पण त्या व्याजाला मोबदल्याचाच भाग धरायचं की नाही यावर कोर्टातही वाद झालेत. हे ना माझ्या आवाक्यातलं, ना भाच्याच्या, ना त्या दीड हजारवाल्याच्या. चुकून सगळी रक्कम उत्पन्न म्हणून भरली असती तर परतावा राहिला बाजूला, लाखाच्या घरात कराची मागणी आली असती.

मी विचारलं, "भाच्यानं भरलं का?" त्या म्हणाल्या, "अर्धं भरलंय. रविवारी येऊन पुरं करतो म्हणालाय."

म्हटलं, ताई, रविवारी त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. फोनला हात लावू देऊ नका. कोर्टाच्या निकालाची प्रत, बँकेचा उतारा आणि कर कापल्याचा कागद तयार ठेवा. मॅडमची फी दीड हजारांहून जास्त होईल हेही सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मागं तुम्हीच म्हणाला होता, नका देऊ म्हणून." मी म्हटलं, चुकलं माझं.

येत्या बुधवारी सकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला जातोय. जमिनीचा मोबदला मिळालाय, शहराजवळची जमीन किंवा प्लॉट विकलाय, किंवा आयकराची नोटीस आलीय, अशा कुणी असतील तर कागद घेऊन स्टँडवर या, एकाच फेरीत होईल. व्याजाचा कर कापला गेलाय एवढंच असेल, त्यांनी शनिवारी दुपारी दोन वाजता ग्रामसंघाच्या खोलीत यावं. आधार, पॅन, पासबुक आणि चार्ज केलेला फोन आणा. रेंज खिडकीपाशी येते.